तांबड्या थरावरचं पाणी

“तिला काय विचारायचं? ती नाय बोलायची. दगडं शिकते ना ती, दगडांशीच बोलत असेल.”

शेजारच्या मावशी हे म्हणाल्या तेव्हा त्यांची माझ्याकडे पाठ होती. विहिरीच्या कठड्याला पोट टेकवून त्या दोरीने कळशी खाली सोडत होत्या. माझी काकू हसली. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, जरा जास्तच मोठ्याने हसला. मी चार पावलांवर आंब्याखाली उभी होते आणि मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखा चेहरा करून होते. राग आला नाही. परीक्षा कशी गेली, एवढंच मावशींनी मला विचारलं होतं, आणि मी मान हलवली होती. ती अशी हलवली होती की त्यातून चांगलीही निघावी आणि वाईटही.

चामटोलीला मी वर्षातून तीन-चार वेळा जाते. आम्ही अंबरनाथला राहतो, बाबा तिथल्या एमआयडीसीत एका कंपनीत आहेत. काका मात्र गावात राहिले, शेतात राहिले. या खेपेला त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. विहिरीच्या तळात बोअर मारायचं ठरलं होतं, आणि आमच्या घरात पाण्याचं कुठलंही काम सुरू करताना लग्न न झालेल्या लेकीच्या हातचा नारळ लागतो. काकांना मुलगी नाही. राहिले मी.

“बाय, उद्या सकाळीच ये,” काका फोनवर म्हणाले होते. “मशीन येतंय. तू नारळ फोडलास की लावतात खाली.”

बाबांना सुट्टी नव्हती, म्हणून बदलापूरहून शेअर रिक्षाने मी एकटीच आले.

विहीर माझ्या आजोबांनी खणलेली. मे महिन्यात तिचं पाणी ढोपराएवढं उरतं, पण आटत नाही. पंप अर्धा तास चालतो, मग पाणी भरायला सकाळची संध्याकाळ होते. त्या पाण्यावर काकू भेंडी आणि लाल माठ करते आणि पहाटे टोपली घेऊन बदलापूर स्टेशनच्या बाहेर बसते. दादा नोकरी करतो, काका आता थकलेत, पण काकूने एक उन्हाळा टोपली सोडलेली नाही. यंदा पाणी आणखी खाली गेलं तेव्हा तिचा धीर सुटला. दादाने मशीनवाला गाठला. विहिरीत उतरवायचं छोटं मशीन असतं, ते तळाला उभं भोक पाडतं. आसपासच्या बऱ्याच विहिरींत लोकांनी तसं केलं होतं. खाली आणखी पाणी असणारच, ते वर येईल, असा साधा हिशेब.

मी भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नातेवाइकांना मी फक्त ‘सायन्स’ सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतात. खरं सांगायचं तर मी हा विषय निवडला नव्हता. हवा होता तो मिळाला नाही, आणि यात जागा होती. पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं, “येताना घराजवळचा एक दगड घेऊन या. कुठलाही.” मी आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी पडलेल्या खडीतला एक तुकडा नेला. काळा, धुळीने माखलेला. सरांनी तो हातोडीने फोडला, ताजी बाजू माझ्यापुढे केली आणि डोळ्याला लावायचं छोटं भिंग दिलं.

मला वाटलं होतं, काळं म्हणजे काळं. आत काळं नव्हतंच. बारीक चकाकत्या काड्या एकमेकींत घुसलेल्या होत्या, मधे हिरवट ठिपके होते आणि एका पोकळीत मिठाच्या खड्यासारखे पांढरे स्फटिक दाटीवाटीने उभे होते, इतके नीट, की कुणीतरी आत बसून ते लावलेत असं वाटावं. गेटपाशी रोज मी त्यावर पाय देऊन जात होते. सर म्हणाले, “हा दगड एकदा वाहत होता.”

नंतर समजलं की अंबरनाथ, बदलापूर, सगळे डोंगर, आमची बिल्डिंग जिच्यावर उभी आहे ती जमीन, हे सगळंच एके काळी वाहत आलेलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांब भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला रस आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक लोट यायचा, निवायचा, दगड व्हायचा. मग शांतता. कधी कधी ती शांतता इतकी लांबायची की त्या दगडाची माती व्हायची, तिच्यावर पावसाळे जायचे. मग वरून पुढचा लोट यायचा आणि ती माती भट्टीत घातल्यासारखी भाजून लाल व्हायची. घराच्या खिडकीतून लहानपणापासून दिसणाऱ्या डोंगराला आडव्या पायऱ्या का आहेत, ते मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. त्या दिवशी मी खिडकीशी इतका वेळ उभी होते की आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

तेव्हापासून साध्या गोष्टी साध्या राहिल्या नाहीत. आमच्या पाट्याला टाकी मारायला बाई आली तेव्हा मी स्वयंपाकघरातून हलले नाही, कारण तिच्या छिन्नीखाली दगडाची ताजी बाजू उघडी पडत होती. शिवमंदिराच्या पायरीवर चप्पल काढताना मी खाली बघत राहते आणि मागचे लोक खोळंबतात. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आईने अंगठी बदलायला नेली होती. सोनाराने ती एका गुळगुळीत काळ्या दगडावर घासली आणि मी दगडाकडेच बघत बसले. शेवटी शेठ म्हणाले, “बेटी, सोना इधर है.”

आणि चिखलोलीचा खड्डा. कॉलेजातून येताना वाटेत एका नव्या इमारतीचा पाया खणत होते. पत्र्याच्या फटीतून आत बघितलं तर खड्ड्याच्या भिंतीत, वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मधे विटेच्या रंगाचा एक सरळ पट्टा. ती भाजलेली माती. दोन आगींच्या मधली विश्रांती. पुस्तकात ती दोन ओळींत होती, इथे ती माझ्या कंबरेइतकी जाड होती. मी रोज थांबू लागले. वॉचमनने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “मॅडम, फ्लॅट बघायचाय का?” मी मान हलवली, तीच माझी दोन्ही अर्थांची.

त्या खड्ड्यात मला एक गोष्ट दिसली, जी कुणी शिकवली नव्हती. पाणी पट्ट्याच्या वरच्या कडेने झिरपत होतं. सगळीकडे, ओळीने, जणू कुणी काठावर ओलं फडकं ठेवलंय. वरच्या काळ्या दगडाला भेगा होत्या, त्यातून पाणी उतरत यायचं आणि लाल मातीवर येऊन थांबायचं. ती माती चिकण, तिच्यातून पाणी जात नव्हतं. खालचा दगड कोरडा ठणठणीत होता. मी सरांना दाखवायला फोटो काढले. सर नुसतं म्हणाले, “बघत राहा.”

तर त्या दिवशी चामटोलीला, मशीन यायला वेळ होता. दादाने पंपाचा पाइप वर ओढून घेतला आणि तळाशी अडकलेली दोरी सोडवायला कुणीतरी उतरायला हवं होतं. मी उतरते म्हणाले. म्हणजे म्हणाले नाही, चप्पल काढून पायऱ्यांकडे गेले.

“अरे, ही बघ!” दादा ओरडला. “दगडवाली चालली माहेरी.”

“हळू गं बाय,” काकू म्हणाली. “तिसरी पायरी हलते.”

विहिरीत उतरताना उजेड वर राहतो आणि आवाज बदलतो. आधी काळी माती, तिच्यातून लोंबणारी मुळं. मग पिवळट मुरूम, हात लावला की सुटणारा. मग काळा दगड, उभ्या-आडव्या भेगांचा, आणि त्या भेगांवर आजोबांच्या पहारीचे ओरखडे अजून होते. मी बोटाने एक ओरखडा चाचपला. आजोबांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या हाताचं मला माहीत असलेलं हे एकच काम.

तळाशी पाय टेकला तो मऊ लागला. पाणी पोटरीपर्यंत, थंड. डोळे सरावल्यावर दिसलं, की मी लाल मातीत उभी आहे. पाण्याच्या वर वीतभर, विहिरीला पूर्ण गोल फेर घालून, तोच पट्टा. काळ्या दगडाच्या शेवटच्या भेगेतून पाणी येत होतं आणि त्या लाल काठावरून खाली घसरत होतं. आवाज नव्हता. आजोबा या थरात थोडे उतरले होते आणि थांबले होते, त्यामुळे त्याची परातीसारखी एक बैठक झाली होती. विहीर आटत नाही, ती या परातीमुळे.

मी दोरी सोडवायची विसरले. तळवा त्या मातीवर ठेवला. हिच्यावर एकदा ऊन पडलं होतं. कुणीही माणूस नसताना, माणूस होणार हेही ठरलेलं नसताना, ही उघडी जमीन होती, हिच्यावर पावसाचे ओहोळ वाहिले असतील. मग आग आली आणि हिच्यावर झाकण पडलं, आणि पुन्हा हिला उजेड दिसला तो आजोबांच्या पहारीने. माझ्या बोटांखाली साडेसहा कोटी वर्षं होती आणि वरून काकू विचारत होती, “बाय, चहा टाकू का गं?” देवळात मला असं कधी झालेलं नाही.

दोरी घेऊन वर आले. काकांना विचारलं, “आजोबा तिथेच का थांबले?” एवढं विचारणंही माझ्यासाठी बरंच होतं.

काका म्हणाले, “तेव्हा मशीन कुठं होती? हातानं किती खणनार मानूस.”

माझ्या मनात दुसरंच काही तरी टोचत होतं. शेजारच्या मावशींची विहीर आमच्यापासून दोन बांधांवर. तिच्यात मागच्या वर्षी असंच बोअर मारलं होतं, आणि यंदा ती होळीच्या आधीच कोरडी पडली. म्हणून तर मावशी आमच्याकडे पाण्याला येत होत्या. विहीर रुसली, असं सगळे म्हणत होते. मावशींच्या घरात त्याचं खापर त्यांच्यावरच फुटलं होतं, कारण बोअरच्या दिवशी त्या माहेरी होत्या आणि पूजा त्यांच्याशिवाय झाली. तेव्हापासून दर अमावास्येला त्या कोरड्या विहिरीची ओटी भरतात. खण, तांदूळ, नारळ. मी कठड्यावरून वाकून बघितलं होतं, आत चोळीचे खण वाळत पडले होते.

चहा होईपर्यंत मी शेताच्या खालच्या अंगाला नाल्यात गेले. नाला विहिरींपेक्षा खोल आहे. मेमध्ये त्यात धूळच असते. उजव्या काठाला करवंदीच्या जाळीमागे मला हवा होता तो लाल पट्टा सापडला. मी हाताने मोजला, कंबरेइतकाच. म्हणजे आमच्या विहिरीत आजोबांनी खणून उरलेला थर फार तर दोन फूट असणार. पट्ट्याच्या खाली जो दगड होता तो सगळा भोकाभोकांचा, जाळीसारखा. एकेका भोकात पांढरे स्फटिक. पाणी ओतलं तर क्षणात पिऊन टाकेल असा. आणि कोरडा.

काठाकाठाने मी मावशींच्या शेताखाली आले. तिथे दगड काळा नव्हता, हिरवा होता. शेवाळ. पट्ट्याच्या वर नाही, खाली. त्या भोकाभोकांच्या दगडातून पाणी येत होतं, करंगळीएवढी धार, आणि खाली डबक्यात एक म्हैस बसली होती. मला आठवलं, काकू कौतुकाने सांगत होती की यंदा नाल्याला मे महिन्यातसुद्धा पाणी आहे, देवाची कृपा.

मी तिथेच खाली बसले. जमिनीच्या आत काय आहे ते मला दिसत होतं. मावशींच्या परातीला भोक पडलं होतं. पाणी रुसलं नव्हतं. ते उतरलं होतं, त्याच्या नियमाने, साडेसहा कोटी वर्षं जुन्या वाटेने, आणि म्हशीपाशी बाहेर आलं होतं. एवढी मोठी गोष्ट आणि इतकी उघड्यावर. कुणापासून लपवलेली नव्हती.

परत आले तेव्हा ट्रॅक्टर विहिरीपाशी लागला होता. तिपाई उभी राहिली होती, साखळीला मशीन लटकत होतं. मी आधी स्वयंपाकघरात गेले.

“काकू, बोअर नको मारायला,” मी हळूच म्हणाले.

“का गं?”

मला सगळं इंग्रजीत येत होतं. तिथे प्रत्येक वस्तूला नाव होतं, आकृती होती, बाण होते. मराठीत मी “ते पाणी ना, ते…” म्हणून थांबले.

“तुझ्या काकाला सांग बाय, मला काय कळतं त्यातलं,” काकू म्हणाली आणि माझ्या हातात पूजेचं ताट दिलं. तिच्या बोटांना हळद लागली होती. “माझा माठ मात्र करपत चाललाय बघ. तुझ्या हाताला यश दे रे देवा.”

हे ऐकल्यावर मला आणखीच बोलवेना. काकूच्या दृष्टीने मी तिची भाजी वाचवायला आले होते. आणि मी चूक असले तर? खाली खरंच पाणी असलं तर? सर कधीच ‘नक्की’ म्हणत नाहीत, ‘शक्यता’ म्हणतात. गावात शक्यतेला कुणी विचारत नाही. माझ्याकडे काय होतं? दुसऱ्या वर्षाची अर्धी समज, चिखलोलीच्या एका खड्ड्याचे फोटो आणि शेवाळाचा एक ओला तुकडा.

विहिरीपाशी सगळे जमले होते. मावशीही आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, जरा मागे. मशीनवाला घड्याळ बघत होता. “चलो भैया, जल्दी करो, दोपहर को दूसरी जगह जाना है.”

“हो गया, हो गया, बस नारियल फोडना है,” दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “चला मॅडम. इंग्लिशमधे मंत्र म्हणा काय ते.”

मी मशीनला हळद-कुंकू लावलं. अगरबत्ती कठड्याच्या फटीत खोचली. काकूने नारळ माझ्या हातात दिला आणि सगळे गप्प झाले. आमच्याकडे तेवढा वेळ कुणी बोलत नाही. लेकीच्या हातचा नारळ फुटेपर्यंत मशीन चालू होत नाही, कुणी पुढे येत नाही, टोकत नाही, हसत नाही. माझ्या लक्षात आलं की जन्मात पहिल्यांदा इतकी माणसं माझ्याकडे तोंड करून, काही न बोलता, थांबली आहेत. काका हात जोडून उभे होते. मावशींचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. खाली, तीस फुटांवर, परातीत पाणी स्वस्थ बसलं होतं.

नारळ मी ताटात परत ठेवला. दादाच्या कपाळाला आठी पडली. तो काही बोलणार इतक्यात माझा आवाज आला, माझ्या ओळखीचा नव्हता, पण माझाच होता.

“काका, नको. ती तांबडी माती फोडू नका, तिच्यावरच आपलं पाणी बसलंय. तिला भोक पाडलं की ते खाली निघून जाईल. मावशी, तुमची विहीर रुसली नाहीये, तुमचं पाणी असंच गेलं. ते अजून नाल्यात येतंय. चला सगळे, मी दाखवते.”